पाटलीचा कस

व्यंकट पांचाळाच्या उजव्या हाताची तीन बोटं बारा महिने पिवळी असत. नवख्या माणसाला वाटे, घरात कुणाचं लग्न निघालंय. पण ती हळद नव्हती. सोनाराचं शोऱ्याचं तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, बोटाला लागलं की आधी नुसतं चुणचुणतं, मग कातडी पिवळी पडते, आणि मग काही करा, ती जात नाही. राखेनं घासली तर उलट नारिंगी होते. ती कातडी झडून खालून नवी येईल तेव्हाच सुटका. शिरूर अनंतपाळच्या पेठेत लोक म्हणत, व्यंकटची हळद वीस वर्षं झाली उतरली नाही. त्यावर तोही हसायचा. मनातून त्याला त्या बोटांचा अभिमानच होता, कारण सोन्याचांदीची गोष्ट निघाली की गाव त्या बोटांकडे पाहायचं आणि बोटं सांगतील ते खरं धरायचं. एवढा भरवसा ज्याच्यावर, त्याला स्वतःवर शंका घ्यायची सवय कुठून असणार?

साल त्र्याऐंशीचं. लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष व्हायचं होतं. व्यंकटच्या दुकानाच्या पाटीवर आधी 'जि. उस्मानाबाद' होतं. रंगाऱ्यानं त्यावर 'जि. लातूर' काढलं, पण रंगाचा हात एकच दिला, आणि चैत्राच्या उन्हात खालचं उस्मानाबाद पुन्हा वर आलं. आता दोन्ही नावं एकमेकांत अडकून बसली होती आणि धड एकही वाचता येत नव्हतं. जिल्हा जवळ आला, हे खरं. पाऊस मात्र रुसला तो रुसलाच. विहिरी कोरड्या, बोअरला मचूळ पाणी, आणि टँकर यायचा तिसऱ्या दिवशी. बायकांनी घागरी रात्रीच ओळीत लावून ठेवलेल्या असायच्या.

या पाण्याच्या टंचाईनं व्यंकटच्या धंद्यालाही एक अडचण झाली होती, आणि सगळं पुढचं रामायण त्या अडचणीतून झालं. तेजाब यायचं नांदेडहून, काळ्या कागदात गुंडाळलेल्या, काचेच्या बुचाच्या बाटलीत. उजेड लागला की ते पिवळं पडतं म्हणून तो कागद. बूच काढलं की नाकाला झोंबणारी वाफ निघते. असं कडक तेजाब सोनार रोजच्या कामाला वापरत नाही. निम्मं पाणी, निम्मं तेजाब करून लहान बाटलीत भरून ठेवतो. आणि ते पाणी पावसाचंच पाहिजे, हा दादांचा नियम होता. दादा म्हणजे व्यंकटचे वडील अण्णाराव, बहात्तरच्या दुष्काळात वारलेले. विहिरीचं पाणी का चालत नाही, ते दादांनी कधी सांगितलं नाही आणि व्यंकटनं कधी विचारलं नाही. बापाचा शब्द तो बापाचा शब्द, त्याला कारण कशाला, असा एकूण हिशेब.

पावसाच्या पाण्याची बरणी फाल्गुनातच कोरडी झाली. लहान बाटलीतलं तेजाबही संपलं. मागच्या गुरुवारी दुपारी लक्ष्मीबाई, म्हणजे व्यंकटची बायको, टँकरच्या ओळीत उभी होती, आणि व्यंकट पाण्यासाठी स्वयंपाकघरात शिरला. फळीवर झाकून ठेवलेला काचेचा पेला दिसला. आत पाणी. इतकं नितळ पाणी त्यानं महिनाभरात पाहिलं नव्हतं. बायकोनं गाळून, निवळून आपल्यासाठी राखून ठेवलंय, असं समजून त्याला जरा भरूनही आलं. त्यातलं अर्धं त्यानं दुकानात नेलं आणि रीतीप्रमाणे पाण्यात तेजाबाची बारीक धार सोडली. पाण्यात तेजाब सोडायचं, तेजाबात पाणी नाही. नाहीतर ते अंगावर उडतं. मिश्रण गरम झालं, ते नेहमीचंच. पण थंड झाल्यावर ते नेहमीपेक्षा पिवळं दिसायला लागलं, वासही जरा वेगळा, घशात बसणारा. ऊनच एवढं आहे, तेजाब तरी काय करणार, असं म्हणून त्यानं बूच लावलं.

त्या बाटलीतला पहिला थेंब पडला तो शरणम्मांसमोर.

शरणम्मा म्हणजे पेठेतले किराणा दुकानदार गुरुबसप्पा यांच्या घरच्या. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, बोलणं थोडं आणि तोललेलं. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. रुमालात बांधलेली एक सोन्याची पाटली त्यांनी व्यंकटपुढं ठेवली.

"थोरलीच्या हातातली हाय. अशीच जोडी धाकटीला कर. नक्षी बी हीच आन कस बी हाच. दोगी सुना माझ्या. एकीच्या हातात भारी आन एकीच्या हातात हलकं, असं मला जमत न्हाई."

"तुमी काळजीच नका करू, अक्का," व्यंकट म्हणाला. पाटली त्यानं ओळखली होती. बेलाच्या पानांची नक्षी त्याच्याच हातची. चार वर्षांपूर्वी थोरला वीरभद्र आणि उदगीरची मल्लम्मा यांच्या लग्नात त्यानंच ती जोडी घडवली होती. बावीस कसाची. तरीही नवीन जोडी जुळवायची तर कस घेणं आलं. त्यानं काळी कसोटी पुढं ओढली, तेलाचं बोट फिरवलं, पाटलीची कड घासून दगडावर पिवळी रेघ काढली आणि तिच्यावर काचेच्या काडीनं तेजाबाचा थेंब सोडला.

सोनारानं आता दहा आकडे मोजायचे असतात. खोटं असेल तर रेघ हिरवट फेस करून जाते. खरी असेल तर तेजाबाखालून तशीच हसत राहते. शोऱ्याचं तेजाब चांदी खातं, तांबं खातं, पितळ खातं, पण सोन्याला हात लावत नाही. व्यंकट मोजत होता. चार झाले तेव्हा रेघेची कड बारीक झाली. सातला मधली रेघ तुटली. दहाला दगड काळा. कुणी कधी काही काढलंच नव्हतं असा काळा.

शरणम्मा वाकून बघत होत्या. हा थेंब त्यांनीही जन्मभर पाहिला होता, त्याचा अर्थ त्यांना सांगायला नको होता.

"ही तुझ्याच हातची ना?" त्यांनी विचारलं.

"नक्षी माझी हाय."

"आन सोनं?"

इथं शहाण्या माणसानं म्हणावं, अक्का, उद्या या, परत बघतो. पण व्यंकट गडबडला. सोनं माझं म्हणावं तर आपण चोर ठरतो. आणि आपण बावीस कसाचं दिलं होतं, हे तर त्याला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक. त्याच्या तोंडून निघून गेलं, "सोनं माझं न्हाई, अक्का."

चारच शब्द. शरणम्मांनी पाटली रुमालात गुंडाळली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "बाळंतपनाला सा म्हैने उदगीरला होती. पाटल्या हातातच होत्या." मग दारात थांबून एवढंच सांगितलं की हे कुणाला बोलू नको. त्या गेल्या आणि व्यंकट दगडाकडे बघत बसला.

आता तुम्ही म्हणाल, त्यानं कसाच्या काड्या का लावल्या नाहीत? सोनाराकडे पितळेच्या पाच काड्या असतात, प्रत्येकीच्या टोकाला वेगवेगळ्या कसाचं सोनं बसवलेलं. शंका आली की गिऱ्हाइकाच्या रेघेशेजारी काडीची रेघ ओढायची आणि दोन्हींवर एकदम थेंब सोडायचा. पण आपल्याच हातच्या पाटलीला काडी काय लावायची, या तोऱ्यात त्यानं त्या काढल्याच नव्हत्या. त्या आता काढल्या. दादांच्या वेळचा तांबडा दोरा अजून तोच होता. बावीसची काडी घासली, थेंब टाकला. सातला रेघ गेली.

व्यंकटला वाटलं आपल्या डोळ्यांत काही गेलं. त्यानं डोळे पुसले, दगड पुसला, पुन्हा तेल लावलं. विसाची काडी घासली. गेली. अठराची तर चारलाच गेली. उठून आत गेला, खुंटीवरचं बायकोचं जुनं डोरलं आणलं. ते दादांनी घडवलेलं. तेही गेलं. दुपारी एक ते तीन तो माणूस घरातलं सोनं घासत होता आणि दगड एकेक रेघ गिळत होता. डोकं अगदी भणाणून गेलं. जगातलं सगळं सोनं एका दिवसात खोटं झालं, की आपल्याला वेड लागलं, यातलं काय धरावं ते त्याला कळेना.

तेजाब बिघडलं असेल, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण बिघडलेलं तेजाब मंद होतं, झोपतं, खोट्यालाही सोडून देतं. ते जास्त खादाड झाल्याचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. नांदेडच्या मोठ्या बाटलीतला कडक थेंब टाकून पाहावा, हेही मनात आलं. बाटली हातातही घेतली. पण पातळ तेजाबानं जे खाल्लं ते कडक तेजाब काय सोडणार, असं म्हणून त्यानं ती पुन्हा ठेवून दिली. अक्कल चालली ती अशी नेमकी उलट्या वाटेनं चालली.

आणि मग त्याला एक गोष्ट सुचली. पाटल्या घडवताना कस जुळवला होता तो याच काडीशी. काडी खोटी असेल तर पाटली खोटीच होणार. मग मल्लम्माचा काय संबंध? आणि काडी खोटी असेल तर ती खोटी केली कुणी? काड्या दादांनी केलेल्या. बहात्तरच्या दुष्काळात निम्म्या शिरूरनं आपलं किडुकमिडुक याच काड्यांवर घासून दादांच्या हाती दिलं होतं. दादा गेले तेव्हा लोक रडले होते. माझा बाप चोर होता, हे वाक्य व्यंकटनं मनातसुद्धा पूर्ण केलं नाही, पण अर्धं केलं तेवढंही पुरे होतं.

त्यानं चपला घातल्या. गुरुबसप्पांच्या घरी जाऊन सांगायचं की पोरीकडे काही दोष नाही. पण मग ते विचारणार, दोष कुणाकडे? त्यानं चपला काढल्या. संध्याकाळपर्यंत त्या चपला तीनदा पायात चढल्या आणि तीनदा उतरल्या.

दिवे लागल्यावर लक्ष्मीबाई टँकरवरून घागर घेऊन आली ती बातमी घेऊनच. "गुरुबसप्पाच्या थोरल्या सुनेला उद्या दहाच्या गाडीनं उदगीरला धाडून राहिले म्हनं. लेकरासगट. काय झालं कोनी सांगंना."

व्यंकटनं तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली. पुढं ताट आलं, तो जेवला. जेवण गेलं म्हणून त्याचा त्याला राग आला, पण जेवला खरा.

सकाळी दुकान उघडलं ते उघडायचं म्हणून. पहिलीच गिऱ्हाईक पार्वतीबाई. मळ्यातून चालत आलेली, हातात चांदीची जोडवी. भावानं नवी करून दिली होती आणि भावजयीवर हिचा भरवसा नव्हता.

"चांदीच हाय ना बगा, व्यंकटदादा. न्हाईतर खोटी, जर्मनची असायची."

त्यानं यंत्रासारखी जोडव्याची रेघ ओढली आणि थेंब टाकला. चांदीची परीक्षा दोन पायऱ्यांची असते. आधी तेजाबात चांदी पाण्यासारखी विरघळून जाते, दिसेनाशी होते. मग त्यावर चिमूटभर मीठ टाकलं की दह्यासारखं पांढरं साकळतं. त्यासाठी मिठाची एक डबी त्याच्या गादीपाशी कायम असे. पार्वतीबाईला ही गंमत माहीत होती आणि ती बघायलाच ती पुढं सरकली होती.

"आवं," ती म्हणाली, "तुमी मीठ टाकलंच न्हाई की अजून."

व्यंकटनं पाहिलं. मिठाची डबी बंद होती. आणि रेघेवर पांढरंशुभ्र दही धरलं होतं.

तो इतका वेळ नुसता बघत राहिला की पार्वतीबाईला वाटलं जोडवी खोटी निघाली. तिनं दोनदा विचारलं. मीठ टाकल्याशिवाय दही होत नाही. दही झालं. म्हणजे मीठ पडलंय. वरून पडलं नाही, म्हणजे आधीच आत आहे. तेजाबात. इथवर आल्यावर त्यानं नांदेडची बाटली ओढली, बूच काढलं, वाफेनं डोळ्यांत पाणी आलं ते तसंच राहू दिलं. कडक तेजाबाचा थेंब चांदीच्या नव्या रेघेवर टाकला. रेघ धुरासकट विरघळली, पांढरं काही नाही. मग दादांची बावीसची काडी घासली आणि तिच्यावर तोच कडक थेंब सोडला. दहा मोजले. वीस मोजले. पन्नासपर्यंत मोजले. रेघ जशीच्या तशी, पिवळीधमक.

"चांदीच हाय, बाई," तो म्हणाला आणि पार्वतीबाईला तिथंच सोडून आत धावला. "लक्ष्मी, फळीवर काचेच्या पेल्यात पानी होतं. मागल्या गुरुवारी. ते काय होतं?"

"मिठाची बरनी खरवडून धुतली व्हती," लक्ष्मीबाई म्हणाली. "तळाला जाडं मीठ धरलं व्हतं, ते टाकायचं का? घोटभर पान्यात कालवून, निवळून ठेवलं वरनात घालायला. आन तुमी घेतलं व्हय? मी म्हनलं वरन अळनी कसं झालं. मिठाला दोष दिला मी, म्हनलं ह्या दुष्काळात मीठ बी खारट राहिलं न्हाई."

दोष देण्यात दोघं नवराबायको सारखेच निघाले. व्यंकटला आता सगळं उलगडलं, आणि उलगडलं तसं स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटलं. शोऱ्याचं तेजाब सोन्याला हात लावत नाही. मिठापासून केलेलं तेजाबही एकटं लावत नाही. दोन्ही एकत्र आली की मात्र सोनं गुळासारखं खातात, आणि शोऱ्याच्या तेजाबात नुसतं मीठ पडलं तरी तेच होतं. सोनं शुद्ध करायला दादा मुद्दाम तसं करत, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. विहिरीचं खारं पाणी तेजाबात का नको, ते दादांनी सांगितलं नव्हतं खरं, पण ज्याच्यापुढं ते सोनं गळत होतं त्याला एवढं कळायला हरकत नव्हती. साडेनऊ वाजले होते. मोठी बाटली, कसोटी आणि बावीसची काडी घेऊन तो अनवाणीच निघाला. आज चपला आठवल्याच नाहीत.

गुरुबसप्पांच्या ओसरीवर पत्र्याची पेटी बांधून ठेवलेली. शेजारी मल्लम्मा, मांडीवर वर्षाचं पोर. वीरभद्र खांबाला टेकून जमिनीकडे बघत उभा होता. आत देवळीपुढं गुरुबसप्पा डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसले होते. त्या वेळी त्या घरात कुणी बोलत नाही. व्यंकट उंबऱ्यातच थांबला. गळ्यापर्यंत आलेलं सगळं गिळून त्याला उभं राहावं लागलं. हातात तेजाबाची बाटली, आणि आत सावकाश एकेक बेलाचं पान वाहिलं जातंय. मल्लम्मानं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा पोराच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. त्याला ती तेवढी दहा मिनिटं जन्मभर पुरतील अशी वाटली.

पूजा आटोपली. त्यानं ओसरीवर कसोटी मांडली आणि बोलायला सुरुवात केली. गडबडीत आधी चांदी, मग मीठ, मग वरण, असं काहीही सांगितलं, कुणाला काही कळलं नाही. शेवटी शरणम्मा म्हणाल्या, "बोलू नको, करून दाव." मग त्यानं पाटलीची रेघ काढली, काडीची रेघ काढली, दोन्हींवर मोठ्या बाटलीतला एकेक थेंब टाकला. सगळे वाकले. गुरुबसप्पांनी स्वतः आकडे मोजले, साठपर्यंत. दोन्ही रेघा तशाच राहिल्या.

"पाटली बावीसचीच हाय," व्यंकट म्हणाला. "चूक माझी हाय, माझ्या हातची. तेजाबात मी खारं पानी घातलं."

मग शरणम्मांचा चेहरा एकाएकी बदलला. सुटका झाली म्हणून नव्हे, काही समजेना म्हणून. त्या सुनेकडे वळल्या.

"आगं मग तू कबूल कामून झालीस?"

व्यंकटला वाटलं त्यानं चुकीचं ऐकलं. पण वीरभद्र पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाला की हो, काल संध्याकाळी हिनंच सगळ्यांपुढं सांगितलं, पाटली मीच बदलली, मला धाडून द्या. कुठं बदलली, कुणाकडे, का, ते मात्र सांगितलं नाही.

मल्लम्मा पोराकडेच बघत बोलली. "आत्याबाई, तुमी म्हनलात, तेजाब खोटं सांगत न्हाई. मी तर बदलली न्हवती. मग सा म्हैने कुठं होते मी? अप्पाकडं. मी निजलेली असायचे, लेकराच्या तापानं मला सुद न्हवती. अप्पाचं कापडाचं दुकान दुष्काळानं बसलंय. मला वाटलं, अप्पानं..." पोराचं अंगडं सारखं करून ती म्हणाली, "अप्पाचं नाव निघन्यापरीस माझं निघालेलं बरं, असं वाटलं."

शरणम्मा सुनेशेजारी बसल्या. पाटली त्यांच्या हातातच होती. ती त्यांनी सुनेच्या हातात चढवायला घेतली आणि त्यांना ती चढवता येईना. "चुकले गं माय," त्या म्हणाल्या. सासूच्या तोंडून असा शब्द त्या घरात आजवर कुणी ऐकला नव्हता. मल्लम्मानं पाटली स्वतःच हातात सरकवली.

व्यंकटनं बाटलीला बूच लावलं आणि जायला उठला. एवढ्यात मल्लम्मानं त्याला विचारलं, "काका, तुमाला कवा कळलं?"

"आज सकाळी. आत्ताच. कळलं तसा पळत आलो, पोरी."

"आन काल काय वाटलं हुतं तुमाला? मीच बदलली म्हनून?"

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण तिनं विचारलं ते अशा सरळपणानं की त्याला खोटं बोलवेना. तो खाली बघत म्हणाला, "न्हाई. काल दुपारीच कळलं हुतं की तू न्हाईस. कसाच्या काड्या बी तेजाबाला उतरल्या न्हाईत. काड्या माझ्या बापानं केलेल्या. मला वाटलं... माझ्या बापाचं नाव येतंय म्हनून मी आलो न्हाई."

गुरुबसप्पा, शरणम्मा, वीरभद्र, सगळे त्याच्याकडे बघत होते. मल्लम्माला राग आलेला दिसला नाही. तिनं दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, एवढंच.

"माझ्या बापाचं नाव झाकाया मी माझं नाव दिलं, काका," ती म्हणाली. "तुमच्या बापाचं झाकाया बी माझंच गेलं."

बाहेर उदगीरची गाडी येऊन उभी राहिल्याचा आवाज आला. मल्लम्मा उठली, पोर कडेवर घेतलं आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी जाऊन येते. दोन दिवस अप्पापाशी बसते. सांगायची न्हाई काही. नुस्ती बसते." वीरभद्रनं पेटी उचलली नाही. कपड्यांची पिशवी तेवढी घेतली आणि तिला गाडीपर्यंत सोडायला गेला.

व्यंकट दुकानात परतला तेव्हा पार्वतीबाई जोडवी घालून कधीच निघून गेली होती. दारात उभं राहून त्यानं पाटीकडे पाहिलं, मग आत येऊन खाऱ्या तेजाबाची लहान बाटली परसातल्या चुन्याच्या खड्ड्यात रिकामी केली. ते फसफसलं आणि गप्प झालं. मग तो गादीवर बसला, काड्यांचा तांबडा दोरा सोडला आणि उरलेल्या चारही काड्या एकेक करून घासल्या, कडक तेजाबाचा थेंब टाकून. आता शंकेला जागाच नव्हती, सगळं सिद्ध झालं होतं. तरी त्यानं चारही तपासल्या. शेवटची रेघ दगडावर तशीच राहिलेली पाहून त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच लाज वाटून तो दोरा पुन्हा गुंडाळायला लागला.